विश्वकिरणांचे गाव कोणते?

या व्याख्यानमालेत माझ्यासारख्या माणसाने गॅमा किरणांवर बोलावे, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. माझे काम कामगार संघटनेचे. बोनस, ग्रॅच्युइटी, पाळ्या आणि पगारपत्रके यांतच आजवरचे आयुष्य गेले. शिक्षण म्हणाल तर दहावीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते विरार लोकलच्या डब्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा हा विषय माझ्या वाट्याला आला कसा, हे आधी सांगितले पाहिजे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वसईच्या पूर्वेकडील एका कारखान्यात मोठमोठ्या पोलादी टाक्या बनत. वेल्डिंगचा जोड आतून पोकळ राहिला आहे की काय, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याचा फोटो काढावा लागतो. एका जड डब्यात इरिडियम नावाच्या धातूचा किरणोत्सारी तुकडा ठेवलेला असतो. त्यातून निघणारे गॅमा किरण पोलादाच्या आरपार जातात आणि पलीकडच्या फिल्मवर जोडाची छाया उमटवतात. हे काम रात्रपाळीत चाले. फोटो काढणाऱ्या दोघांच्या खिशाला किरणांची मात्रा नोंदवणारा बिल्ला असे. पण दोर बांधणारे, टाकी फिरवणारे, फिल्म नेऊन आणणारे जे कंत्राटी मदतनीस होते, त्यांच्यापाशी काहीच नव्हते. आम्ही त्यांच्यासाठी बिल्ला मागितला, तेव्हा साहेब हसून म्हणाले, “अहो, किरणांतले तुम्हाला काय कळते?”

बोलणे लागले खरे. पण ते खोटे नव्हते. मला खरोखरच काही कळत नव्हते. त्या रात्रीपासून मी वाचू लागलो. काही महिन्यांनी बिल्ले मिळाले. मात्र त्यापूर्वी त्या पोरांच्या अंगातून किती किरण गेले, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. ज्याची नोंद नाही, त्याचा हिशेब नाही. किरण डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही, अंगाला भाजत नाही. तो नोंदवला तरच तो होता असे म्हणता येते. हे एवढे एक वाक्य मी कारखान्यात शिकलो, आणि आज जे सांगणार आहे ते सगळे त्याच वाक्याचे भाष्य आहे.

आता हाताचा तळवा आकाशाकडे करून क्षणभर बसा. साधारण दर सेकंदाला एक सूक्ष्म कण तुमच्या तळव्यातून आरपार जात आहे. छप्पर त्याला अडवत नाही, वरच्या मजल्यावरची लादीही अडवत नाही. या कणांना म्युऑन म्हणतात. ते आपल्या डोक्यावर काही मैलांवर, हवेतच जन्मतात. अवकाशातून प्रचंड वेगाने येणारा एखादा कण हवेच्या अणूवर आदळतो, त्या आघातातून नवे कण उडतात, आणि त्यांतले काही जमिनीपर्यंत पोहोचतात. बाहेरून येणाऱ्या त्या मूळ कणांना विश्वकिरण म्हणतात. नाव किरण असले तरी हे प्रकाशाचे किरण नव्हेत. शंभरातले सुमारे नव्वद हायड्रोजनच्या अणूचे गर्भ, म्हणजे प्रोटॉन असतात, नऊ हेलियमचे, आणि उरलेल्या एकात कार्बन, ऑक्सिजन, लोखंड वगैरे सगळे.

यांचा शोध लागला तो विजेच्या एका साध्या उपकरणामुळे. भारित केलेले विद्युत्दर्शक कितीही जपून ठेवले तरी हळूहळू त्याचा भार उतरतो, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. जमिनीतून निघणाऱ्या किरणांमुळे हे घडत असावे, अशी समजूत होती. तसे असेल तर जमिनीपासून दूर जावे तसा परिणाम कमी व्हायला हवा. व्हिक्टर हेस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने 7 ऑगस्ट 1912 रोजी फुग्याच्या पाळण्यात बसून सुमारे 5,300 मीटर उंची गाठली आणि मोजून पाहिले. परिणाम कमी न होता उलट वाढला. म्हणजे किरण खालून नव्हे, वरून येत होते. या कामाबद्दल हेस यांना 1936 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

येथून पुढची कथा आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. मुंबईत जन्मलेल्या होमी भाभा यांनी केंब्रिजमध्ये असताना, 1937 साली, वाल्टर हाइटलर यांच्याबरोबर एक गणित मांडले. वेगवान इलेक्ट्रॉन अणूजवळून गेला की गॅमा किरण सोडतो. तो गॅमा किरण दुसऱ्या अणूजवळ गेला की त्यातून इलेक्ट्रॉन आणि त्याचा विरुद्धभारी जोडीदार पॉझिट्रॉन यांची जोडी जन्मते. ते दोघे पुन्हा गॅमा किरण सोडतात. एकाचे दोन, दोनांचे चार, असा कणांचा धबधबा खाली कोसळत येतो. हे गणित ध्यानात ठेवा. पुढे ते एका उपग्रहाच्या पोटात भेटणार आहे. 1939 साली भाभा सुटीवर मायदेशी आले, युद्ध पेटले आणि ते येथेच राहिले. बंगलोरच्या विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरणांवर संशोधन सुरू केले. 1945 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली, आणि फुगे सोडून उंच आकाशातले विश्वकिरण मोजणे हे तिच्या आरंभीच्या कामांपैकी एक होते.

पण आकाश पाहण्यासाठी ही मंडळी केवळ वर गेली नाहीत, खालीही गेली. म्हैसूरकडील कोलार येथील सोन्याच्या खाणी जगातल्या अतिशय खोल खाणींपैकी होत्या. खडकाचा थर जितका जाड, तितके म्युऑन गाळले जातात. खाणीत उतरत उतरत मोजणी केली, तेव्हा अगदी तळाशी म्युऑनची संख्या जवळजवळ शून्यावर आली. आता तेथे जो कण दिसेल तो साधा नसणार, हे उघड होते. 1965 साली सुमारे 2,300 मीटर खोलीवर टाटा संस्था, जपानचे ओसाका शहर विद्यापीठ आणि इंग्लंडचे डरहॅम विद्यापीठ यांच्या उपकरणांनी हवेत जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा पकडल्या. न्यूट्रिनो हा असा कण आहे की सबंध पृथ्वीतून जाताना त्याला अडथळा म्हणून जाणवत नाही. कोट्यवधींतला एखादाच कोठे तरी धडकतो. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीतही असाच शोध लागला.

हे वाचताना माझ्यातला संघटनेचा माणूस गप्प बसू शकला नाही. दोन हजार मीटर खोलीवर खडक इतका तापलेला असतो की थंड हवा सोडल्यावाचून माणूस काम करू शकत नाही. ती विवरे कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या खणली होती, आणि जड उपकरणांची वाट त्याच विवरांतून गेली. शास्त्रज्ञांची नावे निबंधांवर आली, ती यायलाच हवीत. त्यांचे श्रम आणि बुद्धी यांविषयी मला आदरच आहे. खाणकाम 2001 साली बंद झाले, हजारोंची रोजी गेली. तेव्हा त्या शोधाचा उल्लेख करताना खणणाऱ्या हातांचीही एक ओळ नोंदवावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

असो. आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. विश्वकिरण येतात हे कळले; येतात कोठून?

सरळ वाटते की ज्या दिशेने कण आला, त्या दिशेला पाहावे. पण तेथेच घोटाळा आहे. पाचूबंदरच्या किनाऱ्यावर रात्री उभे राहा. भरतीबरोबर एखादी फळी वाहत तुमच्या पायाशी आली, तर ती अर्नाळ्याहून आली की उत्तनहून, हे सांगता येईल काय? भरती-ओहोटी, खाडीची ओढ, वारा यांनी तिला दहा वळणे दिलेली असतात. विश्वकिरणांचे तसेच आहे. त्यांच्या अंगावर विद्युत्भार असतो आणि आपल्या आकाशगंगेत सर्वत्र क्षीण चुंबकीय क्षेत्र पसरलेले आहे. ते या कणांना पदोपदी वळवते. एखादा कण आकाशगंगेत कोटभर वर्षे असा भटकतो आणि मग आपल्याकडे येतो. त्याच्या येण्याच्या दिशेवरून त्याच्या गावाचा पत्ता लागत नाही.

पण त्याच किनाऱ्यावरून दूर समुद्रात होडीवरचा कंदील दिसला, तर बोट रोखून सांगता येते की होडी त्या तिथे आहे. उजेडाला ना भरती वळवते, ना वारा. गॅमा किरण हा प्रकाशाचाच भाऊ आहे. त्याच्या अंगावर विद्युत्भार नाही. म्हणून तो सरळ येतो. जेथे विश्वकिरण जन्मतात तेथे त्यांच्या धडकेने गॅमा किरणही उठणारच. तेव्हा फळ्या मोजण्याऐवजी कंदील शोधावा, हा या विद्येचा पाया.

गॅमा किरण म्हणजे किती जोराचा प्रकाश, याचेही माप पाहून घेऊ. बॅटरीतला दीड व्होल्टचा सेल एका इलेक्ट्रॉनला दीड इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देतो. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा दोन ते तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट. आमच्या कारखान्यातल्या इरिडियमचे किरण साधारण 3 ते 6 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचे. आणि आता ज्या आकाशी किरणांबद्दल बोलायचे आहे, ते 2 कोटींपासून 30,000 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत आणि त्याहीपुढचे.

असे किरण जमिनीवर पोहोचत नाहीत. आपल्या डोक्यावरची हवा ही सुमारे दहा मीटर उंच पाण्याच्या थराइतकी जड आहे, आणि गॅमा किरणांना ती पुरून उरते. आपण जगतो ते या छत्रीमुळे. पण पाहायचे तर छत्रीच्या बाहेर गेले पाहिजे. 1961 साली अमेरिकेच्या एक्सप्लोरर-11 या उपग्रहाने आकाशातून आलेले 22 गॅमा किरण नोंदवले. बावीस! एवढ्यावरच तेव्हाच्या लोकांनी आनंद मानला. 1972 साली सास-2 आणि 1975 साली युरोपचा कॉस-बी हे उपग्रह गेले. 1991 मध्ये गेलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने 2000 सालापर्यंत काम केले आणि तिच्या एका दुर्बिणीने 271 ठिकाणे दाखवली. 11 जून 2008 रोजी फर्मी ही दुर्बीण सुमारे 550 किलोमीटर उंचीवर गेली. तिच्या यादीत आज सात हजारांवर ठिकाणे आहेत.

या दुर्बिणीला भिंग नाही आणि आरसाही नाही. कारण गॅमा किरण आरशावरून परतत नाही, तो आरशातून निघून जातो. मग पाहायचे कसे? येथे भाभांच्या गणितातली पहिली पायरी उपयोगी पडते. फर्मीत टंगस्टन धातूचे पातळ पत्रे एकावर एक रचलेले आहेत. गॅमा किरण एखाद्या पत्र्यात शिरला की तो स्वतः नाहीसा होतो आणि त्याच्या जागी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निघते. पत्र्यांच्या मधल्या सिलिकनच्या बारीक पट्ट्यांवर त्या दोघांची पावले उमटतात. दोन पावलांच्या वाटा मागे ओढल्या की किरण कोठून आला ती दिशा कळते. तळाशी सीझियम आयोडाइडच्या 1,536 जाड कांड्या आहेत. त्यांत ती जोडी शिरून भाभांनी सांगितलेला धबधबा कोसळतो, आणि किती लखलखाट झाला यावरून ऊर्जा कळते. असे सोळा मनोरे चार-चारच्या चार रांगांत मांडले आहेत.

एक अडचण राहते. गॅमा किरण एक, तर विश्वकिरणांचे कण हजारोंनी. ते सगळे आत घुसून खोट्या नोंदी करतील. म्हणून सबंध यंत्राभोवती एका चमकणाऱ्या प्लास्टिकची 89 फरशांची कुंपणभिंत आहे. भारित कण तिच्यातून गेला की ठिणगी पडते. गॅमा किरण जाताना पडत नाही. कारखान्याच्या फाटकावरचा रखवालदार जसा बिल्ला पाहून आत सोडतो, तसे येथे उलटे आहे: ज्याने फाटकावर आवाज केला तो परका, जो गुपचूप आत आला तो आपला. ही दुर्बीण एका वेळी आकाशाचा पाचवा हिस्सा पाहते आणि तीन तासांत पृथ्वीभोवती दोन फेऱ्या घेऊन सगळे आकाश चाळून काढते.

आता या सगळ्या खटाटोपाचे फळ. 1934 साली बाडे आणि झ्विकी या शास्त्रज्ञांनी तर्क केला होता की, मोठे तारे आयुष्याच्या शेवटी फुटतात, त्या स्फोटांतून विश्वकिरण येत असावेत. जमाखर्च जुळत होता. आपल्या आकाशगंगेत शतकात दोन-तीन तारे फुटतात. प्रत्येक स्फोटाच्या धक्क्याने त्याच्या शक्तीचा दहावा हिस्सा जरी कणांना दिला, तरी विश्वकिरणांचा सारा साठा भरून निघतो. पण जमाखर्च जुळला म्हणजे पुरावा झाला असे नाही. हे कोणताही हिशेबतपासनीस सांगेल. फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांतून गॅमा किरण येताना दिसत होते. पण ते वेगवान इलेक्ट्रॉनही उत्पन्न करू शकतात. विश्वकिरणांत बहुसंख्य तर प्रोटॉन. तेव्हा प्रोटॉनचीच सही हवी होती.

ती सही अशी असते. वेगवान प्रोटॉन वायूच्या अणूवर आदळला की पायॉन नावाचा कण निघतो. त्यातला विद्युत्भाररहित पायॉन क्षणाच्या अतिसूक्ष्म अंशात मरतो आणि मरताना दोन गॅमा किरण सोडतो. पायॉन स्थिर असेल तर प्रत्येकी पावणेसात कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचे. त्यामुळे अशा किरणांच्या आलेखात सुमारे 20 कोटींच्या खाली एकदम उतार लागतो. इलेक्ट्रॉनपासून आलेल्या किरणांत तसा उतार दिसत नाही. 2013 साली फर्मीच्या मंडळींनी, चार वर्षांहून अधिक काळच्या नोंदी तपासून, दोन जुन्या ताराअवशेषांत नेमका हा उतार दाखवला. त्यांतला एक गरुड तारकासमूहात आहे. दुसरा मिथुनेत, सुमारे 5,000 प्रकाशवर्षे दूर. वसंतातल्या या संध्याकाळी घरी जाताना पश्चिमेला पाहा. पुनर्वसूचे दोन जवळजवळचे तारे दिसतील. त्यांच्या खालच्या बाजूला, मिथुनेच्या पायाशी तो अवशेष आहे. डोळ्यांना दिसणार नाही. पण विश्वकिरणांच्या एका गावाची वेस तेथे लागली, एवढे आज खात्रीने सांगता येते.

सगळी गावे सापडली, असे मात्र नाही. सर्वांत प्रचंड ऊर्जेचे कण आकाशगंगेच्या बाहेरून येत असावेत. 22 सप्टेंबर 2017 रोजी दक्षिण ध्रुवाच्या बर्फात पुरलेल्या उपकरणांनी एक न्यूट्रिनो पकडला, आणि त्याच दिशेला एका दूरच्या दीर्घिकेचे केंद्र गॅमा किरणांत भडकलेले फर्मीला दिसले. कोलारच्या खाणीत ज्या कणाची पावले पाहिली, तो कण आज आकाशाचा निरोप्या झाला आहे. आकाशगंगेच्या मध्यभागातून अपेक्षेपेक्षा थोडे अधिक गॅमा किरण येतात. ते न दिसणाऱ्या कृष्णद्रव्यातून येतात की वेगाने फिरणाऱ्या मृत ताऱ्यांच्या जथ्यातून, हा वाद मिटलेला नाही.

या कामात आपली माणसे मागे नाहीत. 29 एप्रिल 1985 रोजी अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून टाटा संस्थेच्या सुकुमार बिस्वास यांच्या मंडळींचे एक उपकरण अवकाशात गेले. नाव होते अनुराधा, आपल्या नक्षत्रावरून. त्यात होते काय, तर एका विशिष्ट प्लास्टिकचे ताव. विश्वकिरण त्यातून गेला की सूक्ष्म जखम राहते. परत आणून रसायनात बुडवले की ती जखम खळग्यासारखी उघडी पडते आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. आमच्या मदतनिसांना जो बिल्ला नाकारला होता, त्याचाच हा थोर चुलतभाऊ! 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोटाहून गेलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या एका उपकरणात 16,384 चौकटींचा किरणमापक आहे. टाटा संस्था, पुण्याची आयुका आणि इतर संस्थांच्या श्रमातून तो उभा राहिला. दूर विश्वात काही क्षण भडकून विझणारे गॅमा किरणांचे पाचशेहून अधिक स्फोट त्याने नोंदवले आहेत. आणि ज्या किरणांसाठी उपग्रहही अपुरा पडतो, त्यांच्यासाठी लडाखमध्ये हानले येथे, सुमारे 4,300 मीटर उंचीवर, भाभा अणुसंशोधन केंद्राची 21 मीटर व्यासाची मेस दुर्बीण आहे. तिचे उद्घाटन 4 ऑक्टोबर 2024 रोजी झाले. ती हवेलाच आपला पडदा करते आणि किरणाने हवेत पाडलेली निळसर चमक टिपते.

“याचा उपयोग काय?” हा प्रश्न येणार, आणि तो यावाच. पैसा लोकांचा आहे. विश्वकिरणांच्या आघाताने हवेत किरणोत्सारी कार्बन बनतो. त्यावरूनच इनामगावसारख्या आपल्या प्राचीन वस्त्यांतल्या कोळशाचे वय काढता आले. उटीच्या विश्वकिरण केंद्रातल्या मंडळींनी 1 डिसेंबर 2014 च्या एका वादळी ढगातला विद्युत्दाब 130 कोटी व्होल्ट असल्याचे म्युऑन मोजून दाखवले. उपयोगांची अशी यादी वाढवता येईल. पण माझे उत्तर निराळे आहे.

त्या कारखान्यातला एक मदतनीस, नाव सांगत नाही, बिल्ला मिळाल्यावर मला म्हणाला होता, “भाऊ, आता निदान काय गेले ते कळेल तरी.” त्याला किरण थांबवता येणार नव्हते. त्याला फक्त आपल्या अंगातून काय जाते, याची नोंद हवी होती. हेस फुग्यात बसले, कोलारच्या खाणीत उपकरणे उतरली, फर्मी पृथ्वीभोवती फिरली, ती याच ओढीने. आपल्या सर्वांच्या अंगातून दर क्षणी परक्या गावचे पाहुणे जात आहेत. ते कोठले, हे विचारण्याचा अधिकार केवळ प्रयोगशाळेतल्या माणसाचा नाही. आणि पुन्हा कोणी हसून विचारले की “किरणांतले तुम्हाला काय कळते?”, तर आता या सभेतल्या कोणालाही उत्तर देता यावे, एवढ्यासाठीच आज आपला तासभर घेतला.